गिरानातली वांगी

८ सप्टेंबर, सोमवार

काल रात्री चंद्राला गिरान लागलं आणि आमच्या नीलमनं सगळ्या वस्तीसमोर वांगी चिरली. सोनपेठात असं कुणाच्या गरवार सुनंनं केलेलं मला तरी ठाऊक न्हाई. म्हणून लिहून ठेवते. न्हाई तर चौथी पास बाईनं लिहावं असं रोज काय घडतंय? दिवसभर पंक्चरच्या दुकानात ट्यूबा घासायच्या, सांजच्याला घरी येऊन भाकरी थापायच्या. मालक गेल्यापासून हेच चालू हाय. सोबतीला पोरगा सिद्धोधन. तो कमी बोलतो, मी त्याच्या वाटचं बी बोलते.

कार्यक्रम तात्याराव गुरुजींनी ठेवला होता, विहाराच्या अंगणात. शाळेतून रिटायर झाले तरी त्यांची शिकवणी काय संपत न्हाई. "गिरान म्हंजे नुसती सावली," माईकवर सांगायले होते. "सावलीनं कुणाचं काय वाकडं होतंय का?" सगळ्या बाया म्हणल्या, न्हाई. मग गुरुजी म्हणले, आता एखाद्या गरवार बाईनं पुढं येऊन भाजी चिरून दाखवावी. तर सगळ्यांच्या माना खाली. बोलायला तेवढ्या वाघिणी.

मला राग आला. बाबासाहेबांनी आपल्याला ह्या गाळातून कधीचं बाहेर काढलं, आणि अजून आपण गिरानात कापलं तर लेकराचा ओठ फाटतो म्हणून भ्यायचं? नीलमला पाचवा लागलाय. मी तिला दंडाला धरून उठवलं. "उठ गं. माझी सून भीत न्हाई."

ती म्हणली, "घरून इळी आणते, आत्या." जाऊन यायला लय वेळ लावला. आली ती पिशवी, इळी, ताट सगळं पदराखाली घेऊन. बाबासाहेबांच्या फोटोकडं तोंड आणि लोकांकडं पाठ करून बसली. लाजली असंल. बघता बघता ताट भरलं. टाळ्या पडल्या, गुरुजींनी फोटो काढला. चंद्र पार तांब्यासारखा झाला होता तवर आमी भाजी टाकली बी. फोडी मात्र तेवढ्यात काळ्या पडल्या होत्या. बाजारवाल्यानं जून वांगी गळ्यात मारली. बाजाराच्या दिवशी बघते त्याला.

नीलमनं घासभर बी खाल्लं न्हाई. मळमळायलंय म्हणली.

१० सप्टेंबर

फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. दुकानात हवा भरायला आलेला माणूस बी म्हणतो, "सरजाबाई, तुमच्या सुनंनं गाजवलं." मी म्हणलं, शिकवण कुणाची हाय?

नीलमच्या मायचा, बायनाबाईचा, चारठाण्याहून फोन आला. फोनमधून नुसतं रडणं. आमच्यासारखीच बौद्धाची बाई, पण देव सोडले तरी भ्या सोडलं न्हाई तिनं. मी फोन कट केला.

पिशवी धुवायला काढली तर तळाला तीन आख्खी वांगी निघाली. एवढी आणली होती काय मी? मऊ पडली होती, शेळीला टाकली.

२५ सप्टेंबर

गोदावरीला पाणी आलंय. परभणीचा रस्ता बंद. नीलमची मोठी सोनोग्राफी ह्या आठवड्यात होती, ती हुकली. नीलम म्हणते, बरं झालं. मी म्हणलं, बरं काय त्यात? आजकाल ही पोरगी निसतं पोटावर हात ठेवून बसायलीय.

६ ऑक्टोबर, सोमवार

लिहू वाटंना. तरी लिहिते.

रस्ता उघडला म्हणून आज परभणीला गेलो. सोनोग्राफीवाली डॉक्टरीण आधी लय गोड बोलत होती. हे डोकं, हे हृदय, बघा कसं धडधडतंय. मग ते यंत्र पोटावर एकाच जागी फिरवायला लागली. फिरवते, थांबते, परत फिरवते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणली, "जरा थांबा हो मावशी." थांबायचं मला जमत न्हाई. तीनदा विचारलं. शेवटी म्हणली, "बाळाचा वरचा ओठ जुळलेला दिसत नाही. डावीकडं फट आहे."

पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मला निसता काळा-पांढरा धूर दिसला. आणि मधे एक काळी रेघ. इळीवर चिरल्यासारखी.

नीलम रडली न्हाई. माझ्याकडं बी बघितलं न्हाई.

यष्टीत तिच्या शेजारी बसले होते. वाटलं सगळ्या गाडीला मालूम झालंय.

७ ऑक्टोबर

माझा काय विश्वास न्हाई गिरानावर. हे मी इथं लिहून ठेवते, विश्वास न्हाई.

पण उठवलं मी. दंडाला धरून.

आज एका मोटरसायकलच्या ट्यूबला सोलुशन लावलं आणि वाळायच्या आधीच ठिगळ दाबलं. हवा भरली तसं उचकटून आलं. गिऱ्हाईक म्हणला, "मावशी, ध्यान कुठं हाय?" त्याच्यावरच ओरडले.

गुरुजी सायकल घेऊन आले होते. जय भीम केला, म्हणले, "सुनबाईची सोनोग्राफी कशी झाली?" मी म्हणलं, चांगली. त्यांना सांगितलं तर फोटोचं काय होईल? ज्या बाया त्या रात्री मान घालून बसल्या त्या आता मान वर करतील. म्हणतील, बघा, सावली म्हणत होते. उद्या त्यांच्या सुना गिरानात कोंडून पडतील, माझ्यामुळं. आणि ते खरं असलं तर? ते खरं असलं तर मी माझ्या नातवंडाचं तोंड फाडलं, टाळ्या घ्यायसाठी.

हे कुणाला बोलता येत न्हाई. सिद्धोधनला तर अजिबात न्हाई.

१२ ऑक्टोबर, रविवार

बायनाबाई आली. नीलमनंच फोनवर सांगितलेलं. पायताण काढायच्या आधी सुरू झाली.

"इनबाई, झाली का हौस? आता लावा टाळ्या!"

"सावकाश बोला. पोरगी आत हाय."

"ऐकू द्या तिला! म्या फोनवर पाया पडून सांगितलं होतं, पोरे, त्या रात्री हात बांधून बस. पण तुमच्या घरात पोटूशी बाई म्हंजे तमाशातली नाची. उभी करा, दाखवा!"

एरवी मी तिला उभी चिरली असती. आज निसता पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला. ते बघून बायनाबाई बी गांगरली. खाली बसली आणि हळूच म्हणली, "अजून वेळ हाय, इनबाई. पोट खाली करू. पोरगी जवान हाय, दुसरं होईल. असं लेकरू दूध ओढीत न्हाई. आमच्या वस्तीत एक झालं होतं. पंधरवडा बी जगलं न्हाई. मायचा पान्हा गळत होता आणि ते पोर उपाशी मेलं."

सिद्धोधन दाराशी उभा होता. मला वाटलं न्हाई म्हणील. तो म्हणला, "माय, तू म्हणशील तसं."

सगळे माझ्याकडं बघायले. जिंदगीभर माझंच खरं करत आले, त्याचं हे फळ. खरं लिहायचं तर मलाबी एकदा वाटलं, हो म्हणावं. लेकरू गेलं तर त्या रेघेसंगं ती रात्र बी जाईल. कुणी मला बोट दाखवणार न्हाई. असं वाटलं.

मग आतून नीलम म्हणली, "मी कुठं जाणार न्हाई." बस एवढंच. बायनाबाई परत रडली. मी म्हणलं, परभणीत ओठांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर हायेत, सोनोग्राफीवालीनं नाव लिहून दिलंय. आधी त्यांना विचारू, मग काय ते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हे नीट लिहून ठेवते, न्हाई तर विसरेन.

डॉक्टर तरणी बाई हाय. टेबलावर कागद घेऊन बाळाचं तोंड काढलं. म्हणली, तोंड एकदम घडत नाही. डोळ्यांच्या बाजूनं, गालांच्या बाजूनं मासाचे छोटे छोटे उंचवटे मधे सरकत येतात. मधे आले की एकमेकांना चिकटतात, आणि तिथं ओठ होतो.

मी म्हणलं, "चिकटतात म्हंजे? कशानं?"

म्हणली, "बाळाचं शरीर बारीक बारीक पेशींचं असतं, विटांसारख्या. पण विटांमधे सिमेंट भरायला कुणी गवंडी येत नाही. प्रत्येक पेशीच्या अंगावरच चिकट प्रोटीन असतात. हातांसारखी समजा. आपल्यासारख्याच पेशीचे हात ओळखतात आणि धरतात. कुणाला धरायचं, कुणाला कधी सोडायचं, ह्याच्यावरच काळीज बनतं, पाठीचा कणा बनतो, सगळं बाळ बनतं. ओठाच्या जागी दोन्ही कडा एकमेकींपाशी येतात तेव्हा मधली पातळ कातडी सुटावी लागते आणि आतल्या पेशींनी एकमेकींना धरावं लागतं. कधीकधी ते धरणं कमी पडतं. मग तिथं फट राहते."

मला ट्यूब दिसली. रबर घासून वरचा थर काढल्याशिवाय ठिगळ धरत न्हाई. मी म्हणलं, "सोलुशन कमी पडलं म्हणा." डॉक्टर हसली. म्हणली, "तसंच समजा. फक्त हे सोलुशन बाहेरून लावता येत नाही."

"मग कमी कशानं पडलं? कुणाची चूक?"

"कुणाची नाही. कधी घराण्यातून येतं, कधी कशानं आलं ते आम्हालाही कळत नाही."

मग मी म्हणलं, आमच्या शेजारची एक बाई हाय, तिला वाटतंय की गरवारपणी काही कापलं तर असं होतंय. हे म्हणताना माझे कान तापले. नीलम खाली बघत होती.

डॉक्टर म्हणली, "त्या बाईला सांगा, हा ओठ फाटलेला नाही. कापलेला तर नाहीच. जुळलेलाच नाही. आणि जुळायची वेळ दुसऱ्या महिन्यात असते, ती संपली की संपली. तुमच्या सुनेच्या बाबतीत जुलैच्या सुरुवातीला. त्यानंतर कुणी काय कापलं, काय शिवलं, ह्याचा काही संबंध नाही."

जुलै. तवा तर नीलमला दिवस गेलेत हे सुदिक आमाला नुकतंच कळलं होतं. गिरान सप्टेंबरात.

लेकरू पाडायचं विचारलं तर म्हणली, एवढ्यासाठी? बाळ बाकी चांगलं वाढतंय. तीन-चार महिन्यांचं झालं, वजन भरलं, की ऑपरेशन करू. पण टाळूला फट असंल तर आत्ता नीट दिसत न्हाई. असली तर दूध पाजायला लय जपावं लागंल, नाकावाटे येतं, ठसका लागतो. ते जन्मल्यावर कळंल.

म्हंजे एक भ्या काढून घेतलं आणि दुसरं हातात दिलं.

१९ ऑक्टोबर

डोक्याला कळलं. पोटाला कळंना. डोळे मिटले की चंद्र तांब्यासारखा दिसतो आणि नीलमची पाठ.

जुलैत काय झालं होतं ते आठवायला बसले. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची चाकं लय येत होती. दुकानात धूर, सोलुशनचा वास. नीलम दुपारी डबा घेऊन यायची, तिथंच बसायची. मी बसवायची, एकटीला घरी करमत न्हाई म्हणून. त्या वासानं तर न्हाई? सिद्धोधन म्हणला, "माय, डॉक्टरनं सांगितलं ना कुणाची चूक न्हाई." म्हणलं तू गप.

तरी आजपासून नीलमला दुकानात येऊ देत न्हाई. ती म्हणते, "आत्या, मी काय केलं?"

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहू का नको कळंना.

नीलमला सातवा लागला. बायनाबाईनं चोळी पाठवली. ती हातात घेऊन नीलम भिंतीकडं तोंड करून बसली. मी म्हणलं, "खाऊन घे." न्हाई. "चहा घे." न्हाई. माझा तोल गेला. म्हणलं, "माझ्यावर राग हाय तर तोंडावर बोल! मी तुला त्या रात्री उठवलं न्हाई का? मीच उठवलं. डॉक्टर जुलै म्हणो का जून म्हणो, मला झोप न्हाई. सरळ शिव्या दे एकदाच."

ती वळली. डोळे एवढाले. "आत्या, तुमाला वाटतंय तुमच्यामुळं झालं?"

"मग कुणामुळं?"

"पण मी चिरलीच न्हाईत."

म्हणलं, काय?

"वांगी. मी चिरली न्हाईत. दिवस मावळायच्या आधी मायचा फोन आला होता. मला लय भ्या वाटलं. गुरुजी कुणाला तरी उठवणार, आणि तुमी मलाच उठवणार, हे मला माहीत होतं. म्हणून गिरान लागायच्या आधीच चिरून, झाकून ठेवली होती. विहारात पाठ करून बसले, चिरलेली ताटात वतली, दाखवायला नेलेली आख्खी परत पिशवीत घातली. इळीला हात बी लावला न्हाई."

काळ्या फोडी. पिशवीतली वांगी. मी बाजारवाल्याशी भांडून आले होते.

"मग कुढतीस कशाला एवढे दिवस?"

ती चोळीची घडी घालत बसली. मग म्हणली, "बाबासाहेबांच्या फोटोसमोर खोटं केलं, आत्या. त्यांच्याकडं तोंड करून. त्याचंच झालं असंल, असं वाटायलंय."

मला आधी संताप आला. सगळ्या वस्तीदेखत ह्या पोरीनं मला गंडवलं! मी पुढं हात नाचवत होते आणि मागं ही पिशवीत वांगी घालत होती. तिला बोलायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. हसताना रडू आलं. ती बी हसली, पोट धरून. मी म्हणलं, "अगं येडे, ते माणूस असं कुणाच्या लेकराचा ओठ धरून बसंल का? त्यांना काय दुसरी कामं न्हाईत?"

तिला म्हणलं खरं. पण रोज रात्री माझ्या शेजारी असं भ्या घेऊन पोरगी निजत होती, आणि मला वाटायचं ती रागात हाय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पोरगी झाली. काल परभणीत, दिवस उतरताना.

आधी मी बघितलंच न्हाई. नर्स म्हणली, "घ्या की आजी." घेतलं. डोळे काळेभोर, जावळ दाट. आणि ओठ. डावीकडून नाकापर्यंत उघडा. आतलं गुलाबी दिसतं. मी भ्याले, खोटं कशाला लिहू.

डॉक्टर म्हणली, टाळूलाही मागं थोडी फट हाय.

छातीला लावलं तर तोंड मारते, पण धरवत न्हाई. रडते. नीलमचं दूध गळतंय आणि पोरगी उपाशी. बायनाबाई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसली. तिला तिच्या वस्तीतलं ते लेकरू दिसत असणार. मला न बघता दिसायलंय.

१८ फेब्रुवारी

नीलम दूध काढून वाटीत देते. मी पाजते. पोरगीला जवळपास उभी धरायची, चमचा ओठाच्या चांगल्या बाजूला टेकवायचा, थेंब सोडायचा. गिळलं का बघायचं. मग दुसरा. घाई केली की नाकातून येतं. काल घाई केली. ठसका लागला, तोंड निळं पडलं. उपडी करून पाठ चोळली, तवा श्वास आला. बायनाबाई किंचाळली.

त्यानंतर मी चमचा खाली ठेवला. म्हणलं माझ्यानं होणार न्हाई, मला धीर न्हाई. नीलम म्हणली, "आत्या, सोलुशन वाळंस्तोवर थांबता की न्हाई तुमी? तसंच थांबा."

हल्ली थांबते. दुकान सिद्धोधन बघतो. एका वाटीला अर्धी सकाळ जाते. वजन वाढायला पाहिजे, न्हाई तर ऑपरेशन न्हाई. वजनकाट्यावर ठेवलं की आकडा दोन-दोनदा विचारते.

३ मार्च, मंगळवार

आज परत गिरान. चंद्र गिरान घेऊनच उगवणार, असं गुरुजी कालपासून सांगत फिरायले होते. घरी येऊन म्हणले, "सरजाबाई, गेल्या वेळी तुमच्या घरानं केलं. आता लेकराचा ओठ बघून लोक काय बोलतात तुमाला माहीत हाय. आज नीलम लेकरू घेऊन बाहेर आली, तर बायांचं भ्या जाईल."

मी म्हणलं, "गुरुजी, न्हाई."

मी न्हाई म्हणीन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाबी वाटलं नव्हतं.

सांजच्याला बायनाबाईनं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मी तिला थांबवलं न्हाई. उलट दाराची कडी मीच लावली. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं मला पाठ हाय, जुलै, चिकट हात, सगळं. तरी लावली. पोरगीला मांडीवर घेऊन वाटी-चमचा धरून बसले. बाहेर विहाराकडून गुरुजींचा माईक ऐकू येत होता, सावली, नुसती सावली.

नीलम उठली. बाळंतीण, अजून डोक्याला रुमाल बांधलेला. टोपलीतून वांगं घेतलं, इळी घेतली आणि कडी काढली.

"पोरी, काय करायलीस!" बायनाबाई तिच्या पदराला झोंबली. "इनबाई, आवरा हिला!"

मी हललेच न्हाई. मांडीवर पोरगी होती, तोंडात थेंब होता. ती गिळंस्तोवर मला हलता येत न्हाई.

नीलम उंबऱ्यात बसली, बाहेर तोंड करून. समोर घरांच्या वर चंद्र आलेला, वरून चावा घेतल्यासारखा. शेजारच्या दोघी-तिघी दारातून बघायल्या होत्या. तिनं इळी पायाखाली धरली आणि वांगं मधून कापलं. कच्च असा आवाज झाला. मी पोरगीच्या तोंडाकडं बघितलं. ती मला बघत होती. थेंब गिळला तिनं. नाकातून काय आलं न्हाई.

मी दुसरा थेंब सोडला आणि थांबले.

नीलम चिरत राहिली. सावकाश, एक एक फोड. मग ताट माझ्याकडं वळवलं. "बघा आत्या."

फोडी पांढऱ्या होत्या.